अंडे, बाप आणि शाळेचे ताट

शाळेच्या अंड्यावरून वाद निघाला की मला १९०२ सालची मुंबईतली एक गोष्ट आठवते. तेव्हा गांधीजी आफ्रिकेतून परत येऊन गिरगावात राहत होते, वकिलीचा जम बसवत होते. त्यांचा दुसरा मुलगा मणिलाल, वय १०, टायफॉइडने अंथरुणाला खिळला. सोबत न्यूमोनियाही. पारशी डॉक्टर आले. म्हणाले, औषधाचा फार उपयोग नाही, अंडी आणि कोंबडीचं सूप द्या. बापाने नकार दिला.

हे सारं गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवलं आहे, म्हणून खरं धरायचं. ओल्या चादरीत गुंडाळणं, पाण्याचे उपचार, संत्र्याचा रस यावर त्यांनी पोराला ठेवलं. ताप उतरेना तेव्हा त्यांना प्रश्न पडला की आपली मतं लेकरावर लादायचा बापाला काय अधिकार? त्यांनी मुलाला विचारलंही. तो म्हणाला, पाण्याचाच उपचार करा. पण गांधीजी पुढे प्रामाणिकपणे कबूल करतात की मी अंडं दिलं असतं तर त्याने ते खाल्लंच असतं. १० वर्षांच्या पोराचा होकार म्हणजे बापाचाच होकार, दुसरं काय! मणिलाल वाचला. पुढे आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’ त्यानेच चालवलं.

गंमत म्हणजे गांधीजींच्या स्वतःच्या ताटावर त्यांच्या आईचा ताबा होता. १८८८ मध्ये विलायतेला निघताना मांस खाणार नाही असा शब्द दिला होता. लंडनमध्ये कोणी म्हणे, अंडं म्हणजे मांस नव्हे. त्यांनीही थोडे दिवस खाल्लं. मग विचार केला की शपथ आईला दिली, तर मांसाचा अर्थही आईचाच. अंडी सोडली.

ही झाली घरातली गोष्ट. आपल्या कोराडीतही घरोघरी असंच चालतं. श्रावणात बंद, पोळ्याच्या करीला सुरू, नवरात्रात देवीच्या गावात पुन्हा बंद. कोणाच्या घरी कायमचं बंद. पोट्ट्यांना कोणी विचारत नाही, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्याचं घर, त्याची चूल.

शाळेची चूल मात्र वेगळी. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची योजना आली तेव्हा आपल्याकडे महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. २८ नोव्हेंबर २००१ ला सुप्रीम कोर्टाने शिजवलेलं जेवण द्या असा आदेश दिला, मग खिचडी आली. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असं गणित. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडं जोडलं. न खाणाऱ्याला केळं. वारकरी संघटनांनी आणि इतरही काही जणांनी विरोध केला. मग नियम निघाला की ४० टक्के पालक नको म्हणाले तर त्या शाळेत अंडं वाटायचं नाही.

इथे माझं डोकं अडतं. ४० जणांनी आपल्या लेकरासाठी नको म्हणणं हा त्यांचा हक्क. पण उरलेल्या ६० जणांच्या ताटातलं काहून काढता? गिरगावातल्या त्या बापाने शेजाऱ्याच्या पोराचं अंडं बंद केलं नव्हतं. शिवाय पालकसभेला येतं कोण? वीज केंद्रात कंत्राटी कामावर जाणारा बाप दुपारची सभा गाठू शकत नाही, धुणीभांडी करणारी आईही नाही. त्यांच्या घरी अंड्याला बंदी नसते. तिथे अडतो तो पैसा.

आणि केळं हे अंड्याच्या बदली कसं चालेल, बाप्पा? एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, केळ्यात जेमतेम १. शाकाहारी लेकरालाही केळ्यावर भागवणं म्हणजे फसवणूकच. त्याला दूध, शेंगदाणा-गुळाचा लाडू, चणे द्या ना. राज्यातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत, हा सरकारच्याच पाहणीचा आकडा (२०१९-२१).

जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचा पैसाच थांबवला. आता अंडा पुलाव ऐच्छिक, तोही लोकवर्गणीतून. म्हणजे गावाने ठरवायचं आणि गावानेच भरायचं. आपल्या गावात नवरात्राच्या भंडाऱ्याला वर्गणी कमी पडल्याचं मी कधी ऐकलं नाही. पुढच्या पालकसभेत हा विषय मी काढणार आहे. ज्यांची दुपारची पाळी आहे, त्यांनी आपलं म्हणणं चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे द्यावं.