चाकांमधील अंतर

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा दोस्त सैन्यांनी हिंदुस्थानात आणलेली जी अवजड सामग्री परत नेण्यापेक्षा येथेच विकून टाकणे सोयीचे ठरले, तिच्यात अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या लष्करी मोटारसायकलीही होत्या. युद्धकाळात या कंपनीने अशा सुमारे ९०,००० गाड्या बांधल्या होत्या, आणि ७४० घनसेंटिमीटरचे, दोन सिलिंडरांचे त्यांचे इंजिन मंद गतीतही पुष्कळ भार ओढीत असे. लवकरच फाळणी झाली. १९४१ च्या शिरगणतीत ९ लाख १७ हजार वस्ती असलेली दिल्ली, मुख्यतः पश्चिम पंजाबातून आलेल्या सुमारे पाच लाख निर्वासितांना पोटात घेऊन, १९५१ मध्ये १७ लाख ४४ हजारांवर गेली. या निर्वासितांत असे कित्येक मिस्त्री होते, की ज्यांचे घरदार आणि दुकान सरहद्दीपलीकडे राहिले होते आणि हातातील विद्येखेरीज ज्यांच्यापाशी दुसरे भांडवल नव्हते. वाढलेल्या शहराला वाहने पुरत नव्हती, त्या काळी या मिस्त्रींनी लष्कराच्या टाकाऊ मालातून जी प्रवासी गाडी घडविली, तीच दिल्लीची फटफटी.

मोटारसायकलीचे मागचे चाक काढावयाचे, सांगाडा कापून त्याला लोखंडी चौकट जोडावयाची, चौकटीखाली दोन चाकांचा अ‍ॅक्सल बसवावयाचा आणि वर सहा-आठ माणसे दाटीने बसतील असा छताचा डबा चढवावयाचा, अशी ती रचना होती. पुढचा भाग मात्र जसाच्या तसा राहिला. पुढचे चाक धरणारा दोन स्प्रिंगांचा भक्कम चिमटा, रुंद हँडल, चालकाचे खोगीर, सारे लष्करी गाडीचेच होते. कॅनॉट प्लेसहून करोलबागेकडे आणि लाल किल्ल्याकडे या गाड्या अनेक दशके धावल्या. मूळ इंजिने झिजली आणि त्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले, तेव्हा त्यांच्या जागी डिझेलची इंजिने आली, पण चिमटा तोच राहिला.

या गाडीच्या इतिहासात मला सर्वांत विचारणीय वाटतो तो हाच न बदललेला पुढचा भाग. तीन चाकांची गाडी ज्या त्रिकोणावर उभी असते त्याचे टोक पुढे असते, आणि वळणावर ब्रेक लावला की भार नेमका त्या निमुळत्या टोकाकडे सरकून गाडी बाहेरच्या अंगाला कलंडू पाहते. उतारूंचे वजन मागील अ‍ॅक्सलजवळ, म्हणजे त्रिकोण सर्वांत रुंद असेल तेथे ठेवणे हा त्यावरचा उपाय. परंतु ते अ‍ॅक्सलच्याही मागे गेले तर पुढचे चाक हलके होऊन हँडलचा अंमल सुटतो. डबा कोठवर पुढे घ्यावयाचा याचा निवाडा मिस्त्रीला करावा लागे, आणि तो ज्यांनी हाताच्या अंदाजाने केला त्यांच्या ज्ञानाला आमच्या यंत्रविद्येच्या ग्रंथांत स्थान मिळालेले नाही, याचा मला मनापासून विषाद वाटतो. पुढे दोन चाके लावावीत तर प्रत्येकाला स्वतंत्र खुंटी हवी, दोहोंना जोडणारा दांडा हवा, आणि वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा अधिक वळेल अशी योजना हवी. तयार चिमटा हाती असताना तो खटाटोप परवडणारा नव्हता. खुद्द हार्ले-डेव्हिडसननेही १९३२ पासून १९७३ पर्यंत बांधलेल्या आपल्या तीनचाकी सर्व्हि-कारमध्ये पुढे एकच चाक ठेवले होते.

त्रिकोणाच्या त्या निमुळत्या टोकाची किंमत पुढे अमेरिकेत अधिक ठळकपणे कळून आली. होंडाने १९७० मध्ये रानवाटांसाठी फुगीर टायरांची तीनचाकी विक्रीस आणली. अपघात वाढत गेले, आणि १९८८ मध्ये न्यायालयापुढे झालेल्या करारान्वये उत्पादकांनी तीनचाकींची विक्री थांबविली. तोवर सुझुकीची चारचाकी क्वाड आलेली होती, आणि तिच्या मागोमाग १९८५ ची क्वाडरेसर, १९८६ ची होंडा टीआरएक्स २५० आर व १९८७ ची यामाहा बन्शी या शर्यतीच्या क्वाडही आल्या. रानातील अरुंद वाटांतून निघणारी क्वाड सपाट मैदानावर वेगाने वळविताना आतले चाक उचलू लागे, म्हणून शौकिनांनी तिचा पुढचा भाग रुंद करण्याचा शिरस्ता पाडला. दोन्ही बाजूंचे ए-आर्म, म्हणजे चाक सांगाड्याला जोडणारे दांडे, दोन-दोन इंचांनी लांब घेतले की पुढची चाके चार इंचांनी दूर जातात. पण आर्म लांबला की स्टिअरिंगचे दांडे व ब्रेकच्या नळ्याही लांबवाव्या लागतात. चाकाची तरफ वाढल्याने तीच स्प्रिंग नरम वाटू लागते आणि शॉक-अ‍ॅब्सॉर्बर बदलावा लागतो. चाकाच्या हबवर नुसता स्पेसर, म्हणजे जाड चकती, घालणे स्वस्त पडते. परंतु चाक वळण्याच्या खुंटीपासून दूर गेल्यामुळे प्रत्येक दगडाचा धक्का हँडलपर्यंत पोहोचतो व बेअरिंगे लवकर खराब होतात. माझ्या मते जुन्या क्वाडला स्पेसर लावणाऱ्याने गाडीला रुंदी दिली, पण तिचा तोल बिघडविला.

इकडे दिल्लीतील फटफटीचा अंमल कलंडण्याने नव्हे, तर हवेच्या प्रदूषणाच्या प्रश्नाने संपविला. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ च्या हुकुमाने पंधरा वर्षांहून जुन्या व्यापारी वाहनांना त्याच वर्षी रस्त्यावरून हटविण्याची मुदत घातली, आणि युद्धकाळातील सांगाड्यांना त्यात जागा उरली नाही. कारागिराचा हात मात्र कायद्याने दुसऱ्या वाटेने बांधला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती होऊन उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करण्यास मनाई झाली, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका कायम केली. हवेसाठी जुने धूर ओकणारे इंजिन हटविणे न्याय्यच होते. परंतु रुंदीचे माप बदलणाऱ्या हाताला परीक्षा घेऊन परवाना देण्याची तजवीज झाली असती, तर सुरक्षितताही साधली असती आणि विद्याही टिकली असती. क्वाडला सामान्यतः आपल्याकडे रस्त्यावरची नोंदणी मिळत नाही, म्हणून ती खासगी आवारांतच फिरते. आणि तिचा आर्म लांबविताना आजच्या मिस्त्रीलाही स्टिअरिंगच्या दांड्यापासूनच हिशेब मांडावा लागतो.