१२ मिलिमीटरचं कोल्हापूर

मॉडेल रेल्वे करायची म्हटलं की लोक आधी इंजिन घेतात. माझ्या मते आधी रूळ ठरवावेत, कारण रुळांची रुंदी ठरवली की काळ ठरतो. कोल्हापूर स्टेशन टेबलावर मांडायचं ठरवल्यावर मला हे पहिल्यांदा नीट कळलं.

बाजारात सगळ्यात सहज मिळतो तो एचओ स्केलचा रूळ: प्रमाण १:८७, रुंदी १६.५ मिमी. गुणाकार करा, उत्तर १४३५ मिमीच्या आसपास येतं. म्हणजे स्टँडर्ड गेज. पुण्याची मेट्रो त्यावर धावते, पण कोल्हापूरची गाडी त्यावर कधीच धावली नाही.

कोल्हापूर–मिरज मार्गाचं काम १८८८ मध्ये सुरू झालं, तेव्हा शाहू महाराजांना राज्याधिकारही मिळाले नव्हते. १८९१ मध्ये गाडी धावू लागली. पैसा संस्थानाचा, गाड्या चालवायची सदर्न मराठा रेल्वे. तिची पुणे–मिरज लाइन मीटर गेज, म्हणून आपलीही मीटर गेज, १००० मिमी. पुण्यापुढे मुंबईकडे मात्र १६७६ मिमीचा ब्रॉड गेज. त्यामुळे कोल्हापूरच्या गुळाला मुंबई गाठायची तर पुण्यात डबा बदलावा लागे, आणि माणसालाही. १९७१ मध्ये इथं ब्रॉड गेज आला, तोवर ८० वर्षं हेच चाललं.

आता १:८७ मध्ये मीटर गेज येतो साडेअकरा मिमी. त्यासाठी १२ मिमीचा तयार रूळ मिळतो. ब्रॉड गेजला मात्र सव्वाएकोणीस मिमी लागतात, म्हणजे रूळ स्वतः जोडत बसा.

मग सांधे, म्हणजे पॉइंट. कोल्हापूर शेवटचं स्टेशन. गाडी आली की इंजिन सुटतं, पुढं जातं, शेजारच्या रुळावरून मागं येऊन दुसऱ्या टोकाला लागतं. एवढ्यासाठी किमान दोन सांधे हवेत, आणि त्यांच्यामधली लांबी तुमची गाडी किती डब्यांची हे ठरवते. खऱ्या रेल्वेतला '१ ला १२' सांधा पावणेपाच अंशांत वळतो. पेकोच्या नेहमीच्या एचओ सांध्यांचा कोन १२ अंश असतो. खरा कोन धरला तर टेबल पुरत नाही. तडजोड करायचीच तर इथं करावी, गेजमध्ये नाही. कोन थोडा तीव्र झाला तरी स्टेशन कोल्हापूरच राहतं. गेज बदलला की गुळाची ती अख्खी गोष्टच पुसली जाते.

मिरजेपर्यंतचे सुमारे ४७ किलोमीटर या प्रमाणात ५४० मीटर होतात. तेवढी जागा कुणाकडेच नसते, म्हणून मी फक्त स्टेशन आणि मालधक्का घेतला. मालधक्का का, तर शाहूपुरीची गुळाची पेठ १८९५ मध्ये स्टेशनजवळच वसवली गेली. रूळ आधी, बाजार नंतर.

तुम्हीही तुमच्या गावचं स्टेशन करणार असाल, तर खरेदीआधी एकच प्रश्न विचारा: कुठलं साल? मी १९७१ च्या आधीचं घेतलंय. १२ मिलिमीटर.