आजोबांची आरामखुर्ची आणि भिंगार कॅम्प

आजचा भाग खुर्चीवर आहे. राजकारणातल्या नाही, खरोखरच्या.

झालं असं की पुण्यात नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. हॉलचा एक कोपरा रिकामा होता, म्हणून तीन आठवडे रोज रात्री लाउंज चेअर बघत बसायचो. एका टॅबमध्ये आधुनिक, दुसऱ्यात 'व्हिंटेज'. आणि त्या दुसऱ्या टॅबमध्ये एकदम आजोबांची खुर्ची दिसली! अगदी तीच नाही, पण तिची सख्खी बहीण. चार गोल पाय, ताणलेलं कॅनव्हास, हात टेकायला चामड्याचे पट्टे. किंमत मी आईला सांगितली नाही.

आमची खुर्ची नगरच्या घरी माळ्यावर पडून होती. (हो, आता अहिल्यानगर. पण तोंडात नगरच येतं, सांभाळून घ्या.) आजोबा सांगायचे की त्यांच्या वडिलांनी ती भिंगार कॅम्पातल्या लिलावात घेतली. इथून मी शोधायला लागलो.

मुळात आपल्याकडे टेकून बसायची सोय होतीच. लोड होते, तक्के होते, झोपाळा होता. 'आराम' आणि 'खुर्ची' हे दोन्ही शब्दही फारसीच्या वाटेने मराठीत आले, म्हणजे इंग्रजांच्या बरेच आधी. मलिक अहमदने नगर वसवलं, त्या दख्खनी सुलतानांच्या काळातली ही देवाणघेवाण. शब्द आधी आला, पाय लांब करून बसायची ती विशिष्ट वस्तू मात्र छावणीतून आली.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेल्स्लीने नगरचा किल्ला घेतला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. १८१७ नंतर किल्ला इंग्रजांकडेच राहिला आणि नगर छावणीचं गाव झालं. छावणी म्हटलं की बंगले, बंगल्यांना व्हरांडे, आणि व्हरांड्यात वेताने विणलेल्या लांब हातांच्या खुर्च्या. जुन्या डाक बंगल्यात तुम्ही त्या पाहिल्या असतील. ते हात एवढे लांब कशाला? तर त्यावर पाय टाकायचे, बुटांसकट. आणि बूट काढायला समोर कोणीतरी उभं असायचं. त्या खुर्चीची रचनाच मुळी दुसरा माणूस हजर आहे असं धरून केलेली आहे.

कोण बसणार हा तेव्हा साधा प्रश्न नव्हता. उत्तरेत साहेबासमोर खुर्चीवर बसायचा मान ज्याला मिळे त्याला 'कुर्सीनशीन' म्हणत, आणि तसा लेखी दाखला असे. बसायचं सर्टिफिकेट!

पण आमची खुर्ची ही व्हरांड्यातली नव्हे, ती तंबूतली. तिचं नाव रुरकी चेअर. रुरकीला लष्करी इंजिनिअरांचं, बंगाल सॅपर्सचं ठाणं होतं. तिथे १९ व्या शतकाच्या शेवटी शेवटी ही खुर्ची आकाराला आली. इंजिनिअर म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. या खुर्चीत एकही सांधा पक्का नाही. सरस नाही, खिळा नाही. आडव्या दांड्यांची टोकं निमुळती असतात आणि ती पायांच्या भोकात नुसती बसवायची. तुम्ही कॅनव्हासवर बसलात की तुमच्याच वजनाने दांड्या आत ओढल्या जातात आणि सांधे घट्ट होतात. जमीन खडबडीत असली तर प्रत्येक पाय आपापला थोडा वळतो, म्हणून खुर्ची डुगडुगत नाही. उठलात की सगळं सोडवून गुंडाळा आणि खेचरावर टाका. मी कोडमध्ये आठ वर्षांत इतकं सुटसुटीत काही लिहिलेलं नाही.

१९३३ मध्ये डेन्मार्कच्या कोरे क्लिंटने याच रचनेवरून आपली 'सफारी चेअर' केली, आणि ती डॅनिश डिझाइनमधली नावाजलेली वस्तू झाली. माझ्या टॅबमधली 'व्हिंटेज' तिचीच नात. म्हणजे लष्करी छावणीतली गोष्ट कोपनहेगनला जाऊन मला डॉलरमध्ये परत भेटत होती.

असं एकदाच झालेलं नाही. चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी पियेर जाँनरेने १९५० च्या दशकात सागवान आणि वेताच्या खुर्च्या केल्या. जुन्या झाल्यावर त्या भंगार म्हणून लिलावात गेल्या आणि युरोपातल्या लिलावांत लाखांनी विकल्या गेल्या. २०११ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या विक्रीवर बंधनं आणली, तोवर बऱ्याच निघून गेल्या होत्या.

आता आधुनिकांचं. ज्या लाउंज चेअरची नक्कल ऑनलाइन सगळीकडे दिसते, ती चार्ल्स आणि रे ईम्स यांची, १९५६ ची. प्लायवूड आणि चामडं. दोनच वर्षांनी या जोडप्याने भारत फिरून सरकारला अहवाल दिला, आणि त्यात सर्वांत जास्त कौतुक केलं आपल्या लोट्याचं! त्या अहवालातून पुढे अहमदाबादला एनआयडी उभी राहिली.

तर, निवड. मी नगरला गेलो, खुर्ची माळ्यावरून काढली, पुसली, जोडली. पाय शाबूत, कॅनव्हास हात लावताच फाटलं. नवं कॅनव्हास ताडपत्री शिवणाऱ्याकडून करून घेतलं, सहाशे रुपयांत. मग आईला म्हटलं, बस.

ती म्हणाली, "मी कशाला? ती मामंजींची."

तेव्हा लक्षात आलं की लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण आई या खुर्चीत एकदाही बसलेली नाही. आजीसुद्धा नाही. आजोबा बसत, पेपर वाचत, आणि चहा त्यांच्या हातात आणून दिला जाई. मी इतिहास वाचताना साहेबाच्या बुटांवर नाक मुरडत होतो, आणि आमच्याच ओसरीवर चहा घेऊन उभं कोण होतं ते मी रोज पाहिलेलं होतं.

आग्रह केला तशी बसली. छान वाटलं म्हणाली. पण उठता येईना. मी टेप लावला तर बैठक जमिनीपासून चौदा इंच. आईचे गुडघे साठीचे. ईम्सची बैठकही पंधरा इंचांच्या आसपास, म्हणजे तिथेही तेच. जेवायच्या टेबलाची खुर्ची साधारण अठरा इंच असते. व्हिंटेज काय आणि आधुनिक काय, दोन्ही टॅब त्या दिवशी बंद केले.

आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांना बोलावलं. सागवान, वेताची पाठ, बैठक साडेसतरा इंच, आणि हात पुढे एवढे आलेले की त्यावर जोर देऊन उठता यावं. काकांनी मला विचारलं, "पाठ किती कलती ठेवू?"

मी उत्तर द्यायच्या आत स्वयंपाकघरातून आई बाहेर आली, काकांच्या हातातली पट्टी घेतली आणि स्वतः भिंतीला टेकून दाखवायला लागली.

खुर्ची दिवाळीपर्यंत होईल म्हणालेत. आजोबांची माझ्या कोपऱ्यात आहे, हा भाग तिच्यात बसूनच रेकॉर्ड केला. मध्ये कुरकुर ऐकू आली असेल तर ती तिची.