रेसेबी : खडोलीतला एक कागद

आमच्या गोव्यात पोर्तुगीज कागदाला अजून मान आहे. घरात एखादा पिवळा पडलेला, शिक्क्याचा कागद सापडला की तो आधी देवापुढे जातो आणि मग वकिलाकडे. मी सरकारी कचेरीतला कारकून. त्यात शाळेत तीन वर्षे पोर्तुगीज शिकलेला. त्यामुळे असे कागद वकिलाच्या वाटेवर माझ्याकडेही डोकावून जातात. त्यांतला एक मात्र गोव्यातला नव्हता. तो मला खडोलीला दाखवण्यात आला.

खडोली हे दादरा-नगर हवेलीतले, सिलवासाकडचे गाव. माझा मावसभाऊ तिथल्या एका कारखान्यात नोकरीला होता, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस त्याच्याकडे गेलो होतो. "गोव्याचे पाहुणे, पोर्तुगीज वाचतात," असे त्याने घरमालकीण आजींना सांगून टाकले. संध्याकाळी आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन आल्या. त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लागलेले होते.

"आमचा अलवारा," त्या म्हणाल्या. "सासऱ्यांच्या वेळचा. पोरगा म्हणतो, एक माणूस पैसे घेऊन याच्यावर जमीन नावावर करून देतो."

'आल्वारा' हा शब्द गोवेकरालाही परका नाही. पोर्तुगीज सरकार जमीन कसायला देताना जो परवाना देई, तो 'आल्वारा'. शब्द मुळात अरबी, पोर्तुगालमार्गे आपल्याकडे आलेला. नगर हवेलीत तो इतका रुजला की भारत सरकारच्या 1971 च्या तिथल्या जमीन सुधारणा कायद्यातही तो तसाच आला आहे.

मी कागद उघडला. वरचा पहिलाच शब्द होता 'रेसेबी'. आणि मला एकदम आमचे मास्तर आठवले.

नव्वदच्या दशकात आमच्या हायस्कुलात आठवीला तिसरी भाषा निवडावी लागे. बहुतेकांनी मार्कांसाठी संस्कृत घेतले. पोर्तुगीजला आम्ही सातजण होतो. घरी काका चिडले होते. "पाखले गेले, आता त्यांची भाषा तुला कशाला?" पुढे विद्यार्थी मिळेनात म्हणून तो वर्गच बंद झाला.

आमचे मास्तर लिसेंवात शिकलेले. लिसेंव म्हणजे पोर्तुगीज अमदानीतले सर्वांत मोठे हायस्कूल, 1854 साली पणजीत, म्हणजे तेव्हाच्या नोव्हा गोव्यात, स्थापन झालेले. लॅटिन आधी गोव्यात होते ते मुख्यतः पाद्री होणाऱ्यांसाठी, राशोलसारख्या सेमिनारीत. लिसेंवामुळे ते सामान्य विद्यार्थ्याच्या दप्तरात आले. 1910 साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, हिंदूंवरची जुनी बंधने सैल झाली, आणि हिंदू मुलांनाही या शिक्षणातून सरकारी नोकरीची वाट दिसू लागली. घरी मराठी पोथी आणि शाळेत पोर्तुगीज व्याकरण, अशी एक पिढीच आपल्याकडे होऊन गेली. ज्यांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास दोन्हीकडच्या कागदांतून उभा केला, ते डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर याच दुभाषी गोव्याचे.

मास्तरांना लॅटिनची भारी हौस. पोर्तुगीज क्रियापद शिकवताना ते फळ्यावर तीन रकाने पाडत. पहिल्यात लॅटिन, मधल्यात पोर्तुगीज, तिसऱ्यात स्पॅनिश. एकदा त्यांनी लिहिले : रेकेपी, रेसेबी, रेसिबी. तिन्हींचा अर्थ एकच, 'मला मिळाले'. मग म्हणाले, "इंग्रजीतली 'रिसीट' हीसुद्धा याच घरची लेक." सात या आकड्याला लॅटिनमध्ये सेप्तेम, पोर्तुगीजमध्ये सेत, स्पॅनिशमध्ये सिएते. शेजारी त्यांनी चौथा रकाना पाडून 'सप्त' लिहिले, तेव्हा संस्कृत सोडल्याची माझी रुखरुख थोडी कमी झाली.

पण जुळणाऱ्या आवाजावर भाळू नका, हेही तेच सांगत. लॅटिनमध्ये 'सिल्वा' म्हणजे रान, म्हणून सिलवासा हे नाव पोर्तुगिजांनी दिले, असे पुष्कळजण सांगतात. मुलूख रानाचा, त्यामुळे ते पटतेही. पण पोर्तुगिजांनी 1885 साली या गावाला नाव दिले ते 'व्हिला द पासु द आर्कुश', लिस्बनजवळच्या एका गावावरून. ते कागदावरच राहिले आणि सिलवासा हेच नाव टिकले. शब्द ऐकून अर्थ ठरवायचा नसतो, कागद वाचून ठरवायचा असतो.

हा धडा या मुलखाच्या इतिहासात फार मोठ्या न्यायालयात गिरवला गेला आहे. 1772 साली मराठ्यांच्या आरमाराने 'सांतान' हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्याच्या भरपाईचा वाद आणि पेशव्यांना हवी असलेली पोर्तुगिजांची मैत्री यांतून 1779 चा तह झाला. पुणे दरबारात पोर्तुगिजांचे वकील होते नारायण शेणवी धुमे, म्हणजे आपला गोमंतकीयच. तहाप्रमाणे पोर्तुगिजांना वर्षाला 12,000 रुपये वसुलाची गावे मिळायची होती. 1783 आणि 1785 च्या सनदांनी ती हाती आली आणि नगर हवेली व दादरा पोर्तुगीज अंमलाखाली गेली.

मग 1954 उजाडले. 22 जुलैला दादरा आणि 2 ऑगस्टला सिलवासा स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्त केले. त्यांत गोमंतकीय होते, महाराष्ट्रातले तरुण होते, सुधीर फडक्यांसारखे कलावंतही होते. भारताने आपल्या हद्दीतून पोर्तुगिजांना तिकडे जाऊ दिले नाही. तेव्हा डिसेंबर 1955 मध्ये पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. दमणहून या गावांत जाण्यायेण्याचा हक्क आम्हाला आहे, कारण 1779 च्या तहाने ती आमच्या मालकीची झाली, असे त्यांचे म्हणणे.

न्यायालयापुढे तहाचे वेगवेगळे पाठ आले. पोर्तुगालची भिस्त होती सतराव्या कलमावर. न्यायालयाने निकालात काय म्हटले? मराठ्यांना राज्याधिकार द्यायचाच असला की ते तसे स्पष्ट शब्द वापरत, आणि इथे ते शब्द नाहीत. दिलेला होता तो सरंजाम, म्हणजे वसूल खाण्याचा हक्क. ज्याला पोर्तुगाल पावणेदोनशे वर्षे मालकीपत्र समजत होता, तो कागद वसुलाचा निघाला.

मात्र 12 एप्रिल 1960 च्या त्या निकालाची दुसरी बाजूही आहे. इंग्रज आले तेव्हा ही गावे पोर्तुगिजांच्या ताब्यात होती आणि त्यांनी तो ताबा मानला. वर्षानुवर्षे नागरी अधिकारी, खासगी माणसे आणि माल यांची येजा चालू होती. त्या वहिवाटीतून तेवढ्यापुरता जाण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारे नेण्याचा हक्क मात्र नाकारला, आणि भारताने पोर्तुगालचा हक्क मोडलेला नाही, असेही ठरवले. जे कागदाने दिले नव्हते, त्यातले थोडे वहिवाटीने दिले.

आजींचा कागद मी दोनदा वाचला. 'आल्वारा' हा शब्द त्यात कुठेच नव्हता. 'रेसेबी', मग त्यांच्या सासऱ्यांचे नाव, मग रक्कम रुपया आणि तांगांत, खाली सही आणि शिक्का. मधली एक ओळ मला लागेना. मी तिचा फोटो पणजीतल्या एका जुन्या जाणकारांना पाठवला. सकाळी त्यांचा फोन आला. जमिनीच्या कराची पावती होती ती.

सांगावे की नाही, या विचारात मी चहा थंड केला. दिवाळीला ज्या कागदाची पूजा होते, त्याला पावती म्हणायला जीभ रेटत नव्हती. पण तो पैसे मागणारा माणूस डोळ्यांपुढे आला आणि मी सांगितले.

आजी बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. "म्हणजे इतकी वर्षं पावतीला फुलं वाहिली?"

"आजी," मी म्हटले, "सासऱ्यांनी या जमिनीचा कर भरला, हे खुद्द सरकारने लिहून दिलंय. हा कागद मालकीचा नाही, पण ते जमीन कसत होते याची ही साक्ष आहे. जपून ठेवा. फक्त त्या माणसाला पैसे देऊ नका."

त्यांनी कागद परत पिशवीत घातला आणि देव्हाऱ्यात होता तिथेच नेऊन ठेवला. मुलाला मात्र त्याच संध्याकाळी बजावले की तो माणूस आला तर दारातूनच परत पाठव.

परतीच्या गाडीत मला तो बंद पडलेला वर्ग आठवत राहिला. परक्या सत्तेची भाषा शिकायची ती तिच्या प्रेमाने नव्हे. आपल्या आज्यापणज्यांच्या जमिनी, वारसा आणि तह त्या भाषेत लिहून ठेवले आहेत. मला तीन वर्षांच्या पोर्तुगीजवर अर्धा कागद वाचता आला, उरलेल्या अर्ध्यासाठी एका म्हाताऱ्या माणसाकडे धावावे लागले. लिसेंवात शिकलेली ती पिढी आता थकली आहे. ती गेल्यावर आमच्या कपाटांतले कागद वाचून दाखवायला कोण येणार, हा प्रश्न मला रोज कचेरीत फायली चाळताना पडतो. पैसे घेऊन 'वाचून' देणारे तर दारात उभेच आहेत.