गाभाऱ्यातील प्रकाश : सूर्यापासून बिनतारी फ्लॅशपर्यंत

इंदूरच्या जुन्या वस्तीतील एका मराठी देवस्थानाच्या विश्वस्तांनी काही काळापूर्वी आम्हांस बोलावून घेतले. जीर्णोद्धाराचे काम निघाले होते. मूळ मूर्ती, उत्सवमूर्ती, प्रभावळ, पालखीची चांदी, पूजेची उपकरणी या सर्वांची सचित्र नोंदवही करावयाची होती, आणि ती वकिलाच्या नजरेखालून जावी अशी त्यांची इच्छा होती. पूर्वी एकदा काढवून घेतलेली छायाचित्रे आमच्यापुढे ठेवण्यात आली. काळ्या पाषाणाची मूर्ती मागच्या अंधारात विरून गेलेली. पितळी प्रभावळीच्या मध्यावर पांढरा लखलखीत डाग. पीठावर दोन ओळींचा लेख आहे हे सर्वांस ठाऊक, पण चित्रात त्याचे एक अक्षर लागत नव्हते. कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसविलेला फ्लॅश मूर्तीवर अगदी समोरून उडविला होता, त्याचा हा परिणाम. “वकीलसाहेब, याहून जोराचा फ्लॅश घेतला म्हणजे काम होईल ना?” एका विश्वस्तांनी विचारले. या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस दीडशे वर्षे मागे जावे लागले; आणि त्या उत्तराचा आरंभ इंदुरातच सापडला.

मीरतजवळच्या सरधना येथे १८४४ साली जन्मलेले आणि रुडकीच्या थॉमसन महाविद्यालयात शिकलेले लाला दीनदयाळ १८६६ साली इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्यात अंदाजनीस व नकाशे काढणारे म्हणून रुजू झाले. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य भारताचे एजंट सर हेन्री डेली यांचा आश्रय त्यांना लाभला. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर १८८२ साली त्यांनी मध्य भारताचा प्रवास केला आणि सांची, ग्वाल्हेर, खजुराहो येथील वास्तूंची चित्रे घेतली. ती १८८६ साली ग्रिफिन यांच्या लेखनासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यानंतर हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून ते सिकंदराबादेस गेले आणि १९०५ साली मुंबईत वारले; परंतु त्यांचा हात बसला तो इंदुरात.

दीनदयाळांजवळ दिवा नव्हता, सूर्य होता. सूर्य हलविता येत नाही, म्हणून छायाचित्रकारालाच वेळ निवडावी लागते. ऊन तिरपे पडले म्हणजे कोरीव काम भिंतीपासून सुटून पुढे येते. माध्यान्हीचे किंवा ढगाळ आकाशाखालचे सपाट ऊन त्याला पुन्हा भिंतीत दडपते. बांधकाम खात्यातील नकाशे काढणाऱ्याला छायेचे हे मोल निराळे शिकवावे लागत नाही. दगड दिसतो तो प्रकाशाने, पण त्याचा घाट कळतो तो सावलीने, हा आमच्या विषयातील पहिला सिद्धान्त होय.

सूर्य गाभाऱ्यात मात्र येत नाही. आपल्याकडे गर्भगृह बहुधा अंधारे ठेवलेले असते, आणि तेथपर्यंत प्रकाश कसा न्यावा हा प्रश्न युरोपातही निराळ्या निमित्ताने उभा राहिला होता. मॅग्नेशियमची तार जाळून तिच्या शुभ्र प्रकाशात चित्र घेण्याचा प्रयोग मँचेस्टरच्या आल्फ्रेड ब्रदर्स यांनी १८६४ साली केला. १८६५ साली पियाझी स्मिथ या ज्योतिर्विदाने तोच धातू जाळून इजिप्तच्या महापिरॅमिडच्या अंतर्भागाची चित्रे घेतली. १८८७ साली मीथे आणि गेडिके या जर्मन संशोधकांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड मिसळून क्षणात भडकणारी पूड तयार केली. उजेड झाला, पण त्याबरोबर धूर, राख आणि आगीचे भयही आले. तेलाच्या समया आणि रेशमी वस्त्रे असलेल्या गाभाऱ्यात अशी पूड उडविणे म्हणजे देवघरात दारूकाम करणेच.

१९३० च्या सुमारास जर्मनीतून काचेच्या फुग्यात बंद केलेला फ्लॅशचा दिवा बाजारात आला आणि धूर संपला. त्याच दशकात अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी वायू भरलेल्या नळीतून विजेचा क्षणिक झोत काढण्याचे तंत्र पुढे नेले. आजचे कॅमेऱ्याचे बहुतेक फ्लॅश त्या तंत्राचे वारस आहेत. दिवा लहान आणि स्वस्त झाला, तसा तो कॅमेऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसला. सोय वाढली, पण दीनदयाळांनी सूर्याकडून घेतलेला धडा हरवला. प्रकाश भिंगाच्या दिशेनेच येऊ लागला, तेव्हा सावली वस्तूच्या मागे लपली आणि चित्र सपाट झाले. आमच्या देवस्थानची जुनी चित्रे बिघडली ती फ्लॅशचा जोर कमी होता म्हणून नव्हे. तो उभा होता ती जागा चुकीची होती म्हणून.

दिवा कॅमेऱ्यापासून दूर नेण्याचे उपाय तीन. पहिला तारेचा, पण गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर तार पायांत येते. दुसरा प्रकाशाच्या इशाऱ्याचा : एका फ्लॅशची चमक पाहून दुसरा उडतो. निकॉनने २००३ साली आणलेली व्यवस्था या जातीची होती. परंतु खांबाआड किंवा प्रभावळीमागे ठेवलेल्या दिव्यास इशारा दिसलाच नाही तर तो मुकाट राहतो. तिसरा उपाय रेडिओलहरींचा. कॅननने २०१२ साली आणि निकॉनने २०१६ साली आपल्या फ्लॅशमध्येच ही सोय बसविली. २०१७ साली गोडॉक्सचा एडी २०० हा पिशवीत मावणारा, २०० वॉट-सेकंद शक्तीचा दिवा आला, त्यातही ती आहे. दिवा नजरेआड असला तरी गाभाऱ्यापुरत्या अंतरात रेडिओचा इशारा त्याला गाठतो. अशी बहुतेक साधने २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात, आणि तो पट्टा आपल्या देशात अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवान्यातून मुक्त झाला आहे.

आता विश्वस्तांच्या प्रश्नाचे उत्तर. फ्लॅशचा जोर मार्गदर्शक अंकाने सांगतात. त्या अंकास मीटरमधील अंतराने भागले की भिंगाचे छिद्र किती ठेवावे ते कळते. आय.एस.ओ. १०० ला ३२ अंकाचा मध्यम फ्लॅश घेतला, आणि गाभाऱ्यात तो मूर्तीपासून २ मीटरवर ठेवला, तर छिद्र १६ येते. नोंदीच्या चित्रास ८ किंवा ५.६ सुद्धा चालते, ५.६ ठेवल्यास त्याच दिव्याची अष्टमांश शक्ती पुरते. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चतुर्थांश होतो, म्हणून दिवा जवळ नेता येणे हे त्याच्या थोरपणाहून अधिक मोलाचे. मोठी शक्ती लागते ती सभामंडप उजळताना, अथवा पालखी भर उन्हात असताना.

निवड करताना आम्ही चार गोष्टी पाहिल्या. शक्ती हाताने ठरविता यावी आणि खाली १/१२८ पर्यंत उतरावी. आपोआप मोजणारी यंत्रणा चकाकत्या पितळेने आणि काळ्या पाषाणाने सारखीच फसते, व एका चित्राचा हिशेब दुसऱ्यास लागत नाही. इशारा रेडिओचा असावा, आणि इशारा देणारे साधन आपल्या कॅमेऱ्याशी जुळते याची दुकानातच खात्री करून घ्यावी. बॅटरी लिथियमची असावी, म्हणजे पूजेच्या दोन वेळांमधील थोड्या अवकाशात खोळंबा होत नाही. चौथी गोष्ट वजनाची : दिवा एका हातात धरता यावा. पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेल्या वास्तूंत तिपाई लावण्यास निराळी परवानगी लागते, आणि देवळात सोवळ्याच्या मर्यादेमुळे गाभाऱ्यात परक्याला जाता येत नाही. दिवा हलका असेल तर तो पुजाऱ्यांच्या हाती देता येतो.

येथवर ऐकून एखादा वाचक म्हणेल, देवाचे चित्र घेण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? भक्तीसाठी तो लागत नाही, हे आम्हांस मान्य आहे. तो पुराव्यासाठी लागतो. तंजावर जिल्ह्यातील पत्तूर येथे १९७६ साली जमिनीत सापडलेला नटराज लंडनला पोहोचला आणि १९८२ साली तेथे पोलिसांनी ताब्यात घेतला. मूर्ती ‘तीच’ हे दाखविणारे जुने छायाचित्र नव्हते. मग शैलीची तुलना, मूर्तीवरील माती, तज्ज्ञांच्या साक्षी असा पुरावा उभा करावा लागला. इंग्लंडच्या न्यायालयाने भग्न देवालयाचाही हक्क मानला, परंतु अपिलाचा निकाल १९९१ साली लागला. दुसरा नटराज श्रीपुरंदान गावचा. २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो ५० लाख डॉलरना विकत घेतला. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने १९९४ साली देवळातच त्याचे छायाचित्र घेऊन ठेवले होते. ते पुढे आल्यावर कलादालनाच्या कागदपत्रांतील मालकीचा इतिहास टिकला नाही, आणि २०१४ साली मूर्ती भारतास परत मिळाली. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ सालीच हिंदू देवतेचे विधिमान्य व्यक्तित्व मान्य केले आहे. पण न्यायालयात त्या व्यक्तीची ओळख मात्र आपल्यालाच पटवावी लागते.

आमच्या देवस्थानच्या जुन्या यादीत एका उत्सवमूर्तीपुढे ‘पंचधातूची, उंची एक वीत’ इतकीच नोंद आहे. आज पूजेत असलेली मूर्ती तीच काय, या प्रश्नास कोणीही शपथेवर उत्तर देऊ शकला नाही. गोमंतकातील आमच्या वाचकांस हे विशेष जाणवेल. सोळाव्या शतकात देव रातोरात खाडीपार न्यावे लागले, तेव्हा ते ओळखणारी माणसे बरोबर होती. आज कुळावी मुंबईत, इंदुरात, परदेशात पांगले आहेत. दर्शन वस्त्रालंकारांसह घडते, आणि मूर्तीचे मूळ रूप अभिषेकाच्या वेळी पुजाऱ्यांनाच तेवढे दिसते.

म्हणून दुसऱ्या खेपेस आम्ही पुजारीकाकांनाच विचारले. ते म्हणाले, “वकीलसाहेब, देवाच्या डोळ्यांत वीज चमकवू नका. समई असते तिथूनच उजेड येऊ द्या.” समई मूर्तीच्या बाजूस, जरा पुढे असते. अभिषेक आटोपल्यावर, वस्त्रे चढविण्यापूर्वी, काकांनी तो लहान दिवा त्या जागी हाती धरला. कॅमेरा उंबऱ्याबाहेर राहिला. पितळेसाठी दिव्यापुढे धुतलेला पांढरा पंचा ताणून धरला. प्रकाश पसरला आणि प्रभावळीवरचा डाग गेला. पंच्याने उजेड खाल्ला म्हणून शक्ती अष्टमांशावरून निम्म्यावर आणावी लागली. लेखासाठी काकांनी दिवा पीठाच्या कडेला जवळजवळ टेकविला. प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली भरली आणि दोन्ही ओळी वाचता आल्या.

प्रत्येक मूर्तीची समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि पीठाची, शेजारी मोजपट्टी ठेवून, चित्रे घेतली. टवके आणि झिजेच्या खुणा जवळून टिपल्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली नोंदणी करताना अर्जाबरोबर छायाचित्रे द्यावीच लागतात. मूळ संगणकीय प्रती न बदलता तीन ठिकाणी ठेवल्या, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे अशा प्रतीस प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्यात तिचा हॅश अंकही नोंदवावा लागतो. काम उरकले तेव्हा नैवेद्याची वेळ झाली होती. नव्या वहीत ‘पंचधातूची, उंची एक वीत’ या ओळीखाली आता पाच चित्रे आहेत. उजव्या पावलावरचा जुना टवकाही त्यांत स्पष्ट दिसतो.