दार नीट बसले पाहिजे

श्रोतेहो, तुमच्या घरी माळ्यावर किंवा कोनाड्यात आजीची फणेरपेटी असेल, तर आज ती खाली काढा आणि तिचे झाकण हलक्या हाताने मिटून पाहा. कुठे अडते का? कडेला फट दिसते का? दिसत नसेल, तर ज्या सुताराने ती घडविली त्याला मनोमन नमस्कार करा. नक्षी कोणाच्याही डोळ्यात भरते. पण पेटी करणाऱ्याची खरी परीक्षा दार बसविताना होते. ही परीक्षा किती जुनी आहे, ते पाहण्यासाठी आज आपण इजिप्त देशात जाऊ.

नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, लक्सर गावासमोर, डोंगरात राजांची थडगी कोरलेली आहेत. तेथे 1922 च्या नोव्हेंबरात हॉवर्ड कार्टर या इंग्रज संशोधकाला तुतनखामेन राजाचे थडगे सापडले. हा राजा नवव्या वर्षाच्या सुमारास गादीवर बसला आणि विशीच्या आतच वारला. या गोष्टीला आज 3,300 वर्षे होऊन गेली. थडग्यात 5,000 च्या वर वस्तू निघाल्या. त्यांत एक लहानसे लाकडी देवघर आहे. उंची सुमारे अर्धा मीटर, वरून सोन्याचा पत्रा मढविलेला. त्याला पुढे दोन झडपांचे दार आहे आणि ते बंद करायला आबनुसाचे अडसर आहेत. दाराच्या आतल्या अंगालाही राजाराणीची चित्रे उठविलेली आहेत. हे काम करणाऱ्यांच्या हाती तांब्या-काशाची हत्यारे होती. वाकस, करवत, पटाशी अशी. रंधा त्यांना ठाऊक नव्हता! लाकूड वाकसाने तासायचे आणि दगडाने घासून गुळगुळीत करायचे.

दागिन्यांच्या पेट्याही तेथे पुष्कळ होत्या. त्यांना आजच्यासारखे कुलूप नव्हते. झाकणावर एक मूठ, पेटीच्या अंगावर दुसरी. दोहोंभोवती दोरी गुंडाळायची आणि गाठीवर ओल्या मातीची मोहोर उठवायची. पण मोहोर चोराला काय अडविणार? राजाला पुरल्यावर थोड्याच काळात चोर आत शिरले. निम्म्याहून अधिक दागिने गेले असावेत, असा कार्टरचा अंदाज होता.

आता खरी गोष्ट ऐका. राजाच्या शवपेटीभोवती एकात एक बसणारी चार मोठी लाकडी देवघरे उभी केली होती. सर्वांत बाहेरचे पाच मीटर लांब; खोलीच्या भिंतीत आणि त्यात जेमतेम दोन फूट वाट राहिली होती. एवढी अवजड वस्तू अखंड आत नेणार कशी? म्हणून सुतारांनी ती सुटी करून आणली होती, आणि कोणता भाग कोठे, कोणत्या दिशेला बसवायचा, याच्या खुणा तुकड्यांवर करून ठेवल्या होत्या. आपले सुतार दादा चौकटीच्या कुसांवर खुणा करतात, तशाच त्या.

पण आत जोडणी करणाऱ्यांनी त्या खुणांकडे नीट लक्ष दिले नाही. घाई म्हणा, अडचण म्हणा. दारे पश्चिमेला यायची ती पूर्वेला आली. सांधे जुळेनात, तेव्हा त्यांनी ठोकून बसविले. सोन्याच्या नक्षीवर घावांचे खळगे पडले आणि सांध्यांत फटी राहिल्या. लाकडाचे ढलपेसुद्धा कोणी उचलले नाहीत. घडविणाऱ्याने जीव ओतला आणि बसविणाऱ्याने उरकून टाकले! राजाचे काम होते, सोने होते, देशातले उत्तम कारागीर होते. तरी शेवटच्या दिवशीच्या घाईने त्या कामाला बट्टा लागला. पुढे कोणी पाहणार नाही, असे त्या माणसांना वाटले असेल. तीन हजारांहून अधिक वर्षांनी सगळ्या जगाने पाहिले.

कार्टरने 1923-24 च्या हिवाळ्यात ही देवघरे सोडविली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. त्या कोरड्या हवेत लाकूड आकसले होते. पण त्यावरचा लेप आणि सोने आकसले नव्हते. दोहोंमध्ये पोकळी पडली होती. बोट लागले तरी सोने चेपेल, अशी अवस्था!

लाकडाचा हा स्वभाव तुम्हाला काही नवा नाही. आषाढ लागला की दार फुगते, फाल्गुनात तेच खडखडते. फळी आडवी वाढते आणि आडवीच आकसते. रेषांच्या लांबीत फारसा फरक पडत नाही. म्हणून जाणता सुतार पेटीचे दार एकसंध फळीचे करीत नाही. चार पट्ट्यांची चौकट करतो, तिच्या आतल्या कडेला खाच पाडतो आणि मधली फळी त्या खाचेत सरस न लावता सैल सोडतो. फळीने श्वास घ्यावा, पण चौकट हलू नये. दोन झडपांमध्येही तो कागदाएवढी जागा ठेवतो. बिजागरी बसवायची तर तिच्या पात्याच्या जाडीएवढीच खाच. खोल गेली तर दार बिजागरीशी दाटते, उथळ राहिली तर फट पडते.

गुरुजी, तुम्हाला एक विनंती. शाळेत एक रुंद फळी वैशाखात मोजून ठेवा. मुलांकडून तिची रुंदी वहीत लिहवून घ्या. तीच फळी श्रावणात पुन्हा मोजा. मग गावातल्या सुतार काकांना वर्गात बोलवा आणि हा फरक ते कामात कसा धरतात, ते त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. इजिप्तच्या त्या कारागिरांची नावे आज आपल्याला माहीत नाहीत. आपल्या गावच्या फणेरपेट्या कोणी केल्या, हे अजून एखाद्या म्हातारीला आठवत असेल. तेवढे नाव तरी मुलांनी विचारून लिहून ठेवावे.