दीर्घकालीन यकृतशोथ ‘ब’ आणि त्याची प्राणि-प्रतिमाने

पोलिओच्या संशोधकांस माकड मिळाले, पिवळ्या तापाच्या संशोधकांसही माकड मिळाले. सांसर्गिक काविळीच्या संशोधकांस मात्र विसाव्या शतकाचा मध्य उलटेपर्यंत भरवशाचा असा कोणताच प्राणी हाती लागला नाही. पुढे या काविळीचे निरनिराळे विषाणू ओळखले गेले. त्यांपैकी ‘ब’ विषाणू हा मनुष्य आणि काही कपी यांखेरीज इतरांच्या यकृतात सहसा शिरत नाही. पाठ्यपुस्तकात हे विधान एका ओळीत संपते. परंतु या एका ओळीने सदर रोगाच्या संशोधनाचा सारा इतिहास घडविला आहे. ज्यांना आपण या रोगाची ‘प्राणि-प्रतिमाने’ म्हणतो त्यांपैकी एकानेही संपूर्ण रोग दाखविलेला नाही. प्रत्येकाने एखाद्या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर दिले आणि दुसऱ्या प्रश्नाला तो मूक राहिला. हे मौन संशोधकांस कसे व केव्हा कळले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

प्राणी नव्हता तेव्हा प्रयोग माणसांवर झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत स्वयंसेवकांस रुग्णांचे रक्तद्रव टोचण्यात आले, आणि १९४७ मध्ये मॅककॅलम यांनी ‘अ’ व ‘ब’ ही नावे सुचविली. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड भागातील विलोब्रुक येथे बौद्धिक विकलांग मुलांची संस्था होती. तेथे सॉल क्रुगमन यांनी १९५६ पासून मुलांस हेतुपुरस्सर संसर्ग देऊन प्रयोग केले. त्यांतून १९६७ मध्ये दोन निरनिराळ्या विषाणूंचे अस्तित्व निर्विवाद झाले. पुढे १९७१ मध्ये, संसर्गकारक रक्तद्रव उकळून टोचले असता ‘ब’ प्रकारापासून काही अंशी संरक्षण मिळते, असेही दिसले. या संस्थेत राहणाऱ्या मुलांस हा रोग आज ना उद्या झालाच असता आणि पालकांची संमती घेतलेली होती, असे समर्थन त्या वेळी करण्यात येई. ते आज मान्य होण्यासारखे नाही. संस्थेतील अस्वच्छता दूर करण्याऐवजी तिचाच आधार घेणारा हा युक्तिवाद होता. तथापि त्या प्रयोगांचे निष्कर्ष आपल्या ज्ञानाच्या पायात बसलेले आहेत, हेही नाकारता येत नाही.

ब्लूमबर्ग यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ या विषाणूचाच अंश असल्याचे ध्यानी आल्यावर रक्तात विषाणूचा माग काढणे शक्य झाले, आणि १९७०नंतरच्या दोन-तीन वर्षांत चिंपँझीस हा संसर्ग देता येतो असे सिद्ध झाले. पर्सेल व गेरिन यांनी १९७५ मध्ये चिंपँझींवरील लस-चाचण्यांचा वृत्तांत दिला. १९८१ मध्ये अमेरिकेत लसीस परवाना मिळाला. लसीच्या प्रश्नाला चिंपँझीने दिलेले उत्तर निःसंदिग्ध होते. परंतु दीर्घकालीन यकृतहानीचा प्रश्न विचारताच तो गप्प झाला. त्याचा आजार सौम्य असतो; माणसात वर्षानुवर्षांच्या संसर्गानंतर यकृताचे जे सूत्रण होते, ते त्याच्यात सहसा दिसत नाही.

या प्रश्नाचे उत्तर अगदी अनपेक्षित ठिकाणाहून आले. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयाशी संलग्न अशा पेनरोज प्रयोगशाळेत रॉबर्ट स्नायडर हे वुडचकांचा सांभाळ करीत असत. वुडचक हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा, हिवाळाभर झोपणारा अमेरिकन कृंतक. पेनसिल्व्हेनियातील लोक दरवर्षी २ फेब्रुवारीस त्याच्या सावलीवरून उरलेल्या हिवाळ्याचा अंदाज बांधतात, तोच हा प्राणी. स्नायडर यांच्या वसाहतीतील अनेक वुडचक यकृताच्या कर्करोगाने मरत, आणि गाठीभोवतीच्या यकृतात शोथ आढळे. जेसी समर्स यांनी या प्राण्यांच्या रक्तद्रवात ‘ब’ विषाणूच्या खुणा शोधल्या. अपुरा दुपेडी डीएनए आणि तो पुरा करणारे विकर ही या विषाणूची विशेष लक्षणे. तीच येथे सापडली. १९७८ मध्ये समर्स, स्मोलेक व स्नायडर यांनी हा नवा विषाणू जाहीर केला. नवजात वुडचकास तो टोचला असता बहुतेक पिल्ले कायमची वाहक होतात, आणि अशा वाहकांत काही वर्षांतच कर्करोग जवळजवळ अटळ असतो, हे १९८० नंतरच्या दशकात दिसून आले. दीर्घकालीन संसर्ग आणि कर्करोग यांचा संबंध तोवर प्रामुख्याने लोकसंख्येच्या पाहणीवरून अनुमानिला जाई. तो आता प्रयोगाने दाखविता आला. पण वुडचकातही सूत्रण होत नाही. शिवाय तो वर्षातून एकदाच वितो, आणि त्याच्या प्रतिकारशक्तीच्या अभ्यासास लागणारी साधने उंदरांसारखी तयार मिळत नाहीत.

त्याच सुमारास चीनच्या चिदोंग परगण्यातील बदकांकडे लक्ष गेले. या परगण्यात माणसांतही यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते. १९८० मध्ये मेसन, सील व समर्स यांनी पेकिन जातीच्या बदकांतील विषाणू वर्णिला. तो अंड्यातून पिल्लात उतरतो, आणि बदकाच्या यकृताची हानी मात्र फारशी करीत नाही. म्हणजे हानीच्या अभ्यासास बदक निरुपयोगीच. तरीसुद्धा १९८२ मध्ये समर्स आणि मेसन यांनी बदकाच्या यकृतातच दाखवून दिले की, हा डीएनए-विषाणू स्वतःची नक्कल करताना मध्ये आरएनएची पायरी घेतो आणि त्या आरएनएवरून उलट मार्गाने पुन्हा डीएनए घडवितो. एड्सच्या विषाणूविरुद्धचे लामिव्हुडीन पुढे यकृतशोथावरही चालले, त्याचे इंगित हेच.

येथे एक उपकथा सांगण्याचा मोह आवरत नाही. काविळीवर भुईआवळी देण्याची आपल्याकडील घरगुती प्रथा वाचकांस ठाऊकच आहे. १९८७ मध्ये वेंकटेश्वरन, मिलमन व ब्लूमबर्ग यांनी त्याच वनस्पतीचा अर्क वुडचकांस देऊन विषाणूचा अंश घटल्याचे कळविले, आणि आशा पल्लवित झाल्या. नंतरच्या बदकांवरील प्रयोगांत मात्र, दिल्लीत झालेल्या कामातही, तिला दुजोरा मिळाला नाही.

आता उंदराकडे वळू. उंदराला हा संसर्ग होतच नाही. आणि तरीही यकृतहानीचे कारण त्यानेच उलगडले. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रान्सिस चिसारी यांच्या गटाने विषाणूचे जनुक उंदराच्या अंडपेशीत घालून असे उंदीर निपजविले की, ज्यांच्या यकृतपेशी जन्मापासून विषाणूचा पृष्ठीय प्रतिजन तयार करीत. या उंदरांचे यकृत धडधाकट राहिले. (एका विशिष्ट वंशात एक प्रथिन पेशींत अतोनात साठून इजा झाली, तो अपवाद.) जन्मतः असलेला प्रतिजन त्यांच्या प्रतिकारशक्तीला परका वाटत नव्हता. मग १९९० मध्ये या प्रतिजनाविरुद्ध सिद्ध केलेल्या मारक लसीकापेशी बाहेरून टोचताच त्याच उंदरांना यकृतशोथ झाला. म्हणजे पेशी मारतो तो विषाणू नव्हे. विषाणूला ओळखणारी शरीराची स्वतःची सेना त्या मारते. १९९८ मध्ये नाकामोतो व चिसारी प्रभृतींनी असा शोथ दीर्घकाळ चालू ठेवला, तेव्हा अखेर कर्करोगही उद्भवला. दरम्यान ग्विदोत्ती यांनी १९९६ मध्ये दाखविले होते की, या लसीकापेशी इंटरफेरॉनसारखी द्रव्ये स्रवून यकृतपेशी न मारताही विषाणू नाहीसा करू शकतात. १९९९ मध्ये चिंपँझींत त्याला आधार मिळाला. प्रस्तुत लेखकाच्या मते या क्षेत्रातील सर्वांत सुंदर कल्पना याच मालिकेत आहे: जो प्राणी रोगी होऊ शकत नाही, त्याच्यात रोगाचे घटक सुटेसुटे घालून एकेकाचे काम पाहावे.

प्रतिमानाचे मौन किती महाग पडते, हे १९९३ मध्ये कळले. फियालुरिडीन हे औषध विषाणूवर प्रभावी दिसले होते, आणि प्राण्यांवरील विषाक्तता-चाचण्यांत धोक्याची सूचना मिळाली नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १५ रुग्णांस ते देण्यात आले. त्यांपैकी ७ जणांचे यकृत निकामी झाले. दोघे यकृतारोपणाने वाचले, पाच दगावले. हे औषध पेशींतील तंतुकणिकांची हळूहळू हानी करीत असे. मानवी तंतुकणिकेत ते आत नेणारा वाहक असतो, उंदराच्या तंतुकणिकेत तो नाही, असे २००६ मध्ये दाखविण्यात आले. पुढे टेनंट आणि सहकाऱ्यांनी वुडचकांस हेच औषध अनेक आठवडे दिले, तेव्हा तेही असेच दगावले. तो वृत्तांत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. योग्य साक्षीदार उपलब्ध होता. त्याला प्रश्न विचारला गेला, पण माणसांनंतर.

यानंतर मानवी यकृतपेशी धारण करणारे उंदीर पुढे आले. त्यांचे स्वतःचे यकृत जनुकीय उपायांनी खंगविलेले असते, आणि प्रतिकारशक्ती नसल्याने रोपलेल्या मानवी पेशी नाकारल्या जात नाहीत. २००१ मध्ये डांद्री प्रभृतींनी अशा उंदरांत ‘ब’ विषाणूचा संसर्ग साधला. २०१४ मध्ये त्याच पद्धतीच्या उंदरांत फियालुरिडीनची विषाक्तता उघड झाली. पण येथे संसर्ग आहे तर प्रतिकारशक्ती नाही, आणि चिसारींच्या उंदरांत प्रतिकारशक्ती आहे तर संसर्ग नाही. हानीचा प्रश्न या दोहोंच्या मधल्या फटीत अडकून राहतो.

चिंपँझीचे पर्व आता संपले आहे. २०११ च्या एका शासननियुक्त अहवालाने त्यांच्यावरील बहुतेक संशोधन अनावश्यक ठरविले, आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ते बंद केल्याचे जाहीर केले. २०१२ मध्ये चीनमधील वेन्हुई ली यांच्या गटाने, तुपाया या चिचुंद्रीसारख्या दिसणाऱ्या वृक्षवासी प्राण्याच्या यकृतपेशींच्या साहाय्याने, विषाणूचे प्रवेशद्वार शोधून काढले. ते पित्तक्षार आत घेणारे एनटीसीपी हे प्रथिन होय. तेव्हा उंदराला मानवी एनटीसीपी दिले की काम झाले, असे अनेकांस वाटले. २०१७ मध्ये मॅकाक माकडांत ही युक्ती साधली. उंदरात मात्र विषाणू दारातून आत येतो, पण पेशीकेंद्रात त्याच्या डीएनएचे जे बंद वर्तुळ व्हावयास हवे, ते होत नाही. माणसात औषधांना न जुमानता टिकून राहते, ते हेच वर्तुळ.